दोन रॅप-कवींचें भांडण

कवींनीं भर सभेंत एकमेकांची निंदा करावी आणि लोकांनीं ती टाळ्या वाजवून ऐकावी, हा प्रकार सोंवळ्या रसिकतेला प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतो. परंतु ज्या महाराष्ट्रानें कलगी-तुऱ्याचे झगडे रात्र रात्र बसून ऐकले, त्यानें तरी यांत फारसें नाक मुरडण्याचें कारण नाहीं. एका फडानें शक्तीचें श्रेष्ठत्व गावें, दुसऱ्यानें शिवाचें. कूट सवाल टाकावा आणि ज्याला जबाब सुचणार नाहीं त्याला मान खालीं घालावयास लावावी, हें सारें आपल्याकडे झालेलें आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजांत हाच झगडा निराळ्या मार्गानें जन्मास आला, आणि २०२४ व २०२५ या दोन वर्षांत तो अशा थराला गेला, कीं त्याचा निवाडा प्रथम क्रीडांगणांत व मागाहून न्यायालयांत झाला.

हिप-हॉप या कलेचा जन्म न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागांत ११ ऑगस्ट १९७३ रोजीं झाला असें मानतात. मूळच्या जमैकांतील कूल हर्क या तरुणानें बहिणीच्या समारंभांत तबकड्या वाजविल्या तो हा दिवस. गाण्यांतील केवळ तालाचा तुकडा लांबवीत न्यावयाचा ही त्याची युक्ति. त्या तालावर नाचणाऱ्यांना उत्तेजन देण्यासाठीं जें बोलणें चाले, त्यांतूनच पुढें यमकबद्ध रॅप निघाला. प्रारंभीं बोलणाराचें काम एवढेंच, कीं जमावाला रिझवावें. परंतु १९८१ सालीं हार्लेममधील एका नृत्यगृहांत कूल मो डी यानें मंचावर येऊन बिझी बी या लोकप्रिय गायकाची अशी कांहीं हजेरी घेतली, कीं तेव्हांपासून प्रतिस्पर्ध्याला शब्दांनीं लोळविणें ही या कलेंतील मोठेपणाची एक कसोटीच ठरली. याचीं मुळें मात्र त्याहून जुनीं आहेत. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील मुलें 'डझन्स' नांवाचा एक खेळ पिढ्यान् पिढ्या खेळत आलीं आहेत. दोघांनीं समोरासमोर उभें राहून एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करावयाचा. नियम एकच, जो रागावला तो हरला.

हा नियम पाळणें किती कठीण, हें १९९० नंतरच्या दशकांत दिसून आलें. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील गायकांत वैर माजलें. सप्टेंबर १९९६ मध्यें टूपाक शकूर लास व्हेगास येथें, आणि मार्च १९९७ मध्यें नोटोरियस बी.आय.जी. लॉस एंजलिस येथें गोळीला बळी पडला. त्या खुनांच्या कारणांचा वाद निराळा; पण तेव्हांपासून असा झगडा पेटला म्हणजे जाणत्यांच्या काळजांत धस्स होतें.

आतांच्या झगड्यांतील एक पक्ष केन्ड्रिक लमार. लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टन गांवीं १९८७ सालीं जन्मलेल्या या कवीला २०१८ सालीं संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. अभिजात संगीत आणि जॅझ यांच्या बाहेरच्या कोणालाहि तें पूर्वीं मिळालें नव्हतें. दुसरा पक्ष कॅनडांतील टोरांटोचा ड्रेक. किशोरवयांत दूरचित्रवाणीवर नट म्हणून दिसलेला, आणि पुढें लोकप्रियतेंत भल्याभल्यांस मागें टाकणारा. ऑक्टोबर २०२३ मधील ड्रेकच्या एका गीतांत त्याचा सहगायक जे. कोल यानें आपणां तिघांस श्रेष्ठ म्हटलें. लमारला ही वांटणी रुचली नाहीं. मार्च २०२४ मध्यें त्यानें श्रेष्ठ एकच आहे असें सुनावलें. कोलनें घाईनें उलट उत्तर दिलें खरें, पण ७ एप्रिल रोजीं उत्तर कॅरोलिनांतील आपल्याच उत्सवांत, हजारों लोकांपुढें, त्यानें माफी मागितली आणि पुढें तें गाणें मागें घेतलें. पुष्कळांनीं त्याची टवाळी केली. पुढें जें घडलें तें पाहतां त्या सबंध प्रकरणांत शहाणपणानें वागलेला तो एकटाच म्हणावयास हवा.

कारण नंतरचें भांडण पद्यरचनेच्या कौशल्याचें राहिलें नाहीं. ३ मेच्या रात्रीं ड्रेकनें एक गीत प्रसिद्ध केलें. तास उलटण्यापूर्वींच लमारचें उत्तर आलें, आणि ४ मे रोजीं 'नॉट लाइक अस' हें दुसरें. ड्रेकनें लमारवर घरांतील स्त्रीला मारहाण केल्याचा आळ घेतला. लमारनें ड्रेकवर अल्पवयीन मुलींसंबंधीं आळ घेतला; तो ड्रेकनें साफ नाकारला. पुरावा कोणींच पुढें केला नाहीं. 'नॉट लाइक अस'च्या मुखचित्रावर ड्रेकच्या टोरांटोंतील घराचें आकाशांतून घेतलेलें चित्र होतें, आणि त्यावर लैंगिक गुन्हेगारांचीं घरें दाखविणाऱ्या नकाशांत असतात तशा खुणा होत्या. ७ मे रोजीं त्याच घराबाहेर गोळीबार होऊन एक पहारेकरी गंभीर जखमी झाला. हेतु काय होता तें पोलिसांनीं त्या वेळीं जाहीर केलें नाहीं, आणि गीताचा व गोळीचा संबंध जोडण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. तरीहि त्या पहारेकऱ्यानें कोणतेंहि गीत रचलें नव्हतें, एवढें विसरतां येत नाहीं.

गीत मात्र वाढतच गेलें. २ फेब्रुवारी २०२५ रोजीं त्याला पांच ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. लगेच ९ फेब्रुवारीस न्यू ऑर्लिन्स येथें अमेरिकी फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, सुपर बोल, झाला. त्याच्या मध्यंतरांतील सुमारें तेरा मिनिटांचा कार्यक्रम लमारकडे होता. प्रेक्षकांत खुद्द राष्ट्राध्यक्ष होते. घरोघरीं पाहणारांची सरासरी १३ कोटी ३५ लाख भरली. त्या वेळीं हा उच्चांक ठरला.

कार्यक्रमाची रचना मोठी मार्मिक होती. लमार एका काळ्या मोटारीवर बसलेला, आणि तिच्यांतून नर्तकांची रांग संपतां संपेना. सॅम्युएल जॅक्सन हा विख्यात नट अंकल सॅमच्या, म्हणजे अमेरिकेच्याच, वेषांत येऊन त्याला मास्तरासारखा दटावीत होता, कीं फार गोंगाट करूं नकोस, सभ्यपणानें गा. लाल, पांढऱ्या व निळ्या कपड्यांतील कृष्णवर्णीय नर्तकांनीं राष्ट्रध्वज रचला आणि मधोमध उभ्या राहिलेल्या कवीनें तो दुभंगला. इतका भेदक अर्थ एकाहि शब्दावांचून सांगितला गेला. यापुढें मूळ भांडणाची आठवण तरी कशाला, असें एखाद्यास वाटावें. पण जमाव तिचीच वाट पाहत होता, आणि कवीला तें पक्कें ठाऊक होतें. सर्वांचें आवडतें गाणें गावेंसें वाटतें, पण त्यांना फिर्याद लावण्याची हौस आहे, असें चिडवून त्यानें तें लांबविलें, आणि अखेर गाइलेंच. सर्वांत जहरी शब्द त्यानें गाळला. परंतु एका स्वरमेळाच्या नांवावर साधलेला, अल्पवयीन असा अर्थ सुचविणारा श्लेष त्यानें ठेवला, आणि तो आला तेव्हां सारें मैदान एका आवाजानें ओरडलें.

'फिर्याद' ही थट्टा नव्हती. ड्रेकनें जानेवारींतच बदनामीचा दावा लावला होता. आणि तो लमारवर नव्हे, तर युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीवर. दोघांचींहि गाणीं विकणारी कंपनी तीच. भांडणारांपैकीं कोणीहि जिंको, दुकानदाराचा गल्ला भरणारच. ९ ऑक्टोबर २०२५ रोजीं न्यू यॉर्कच्या संघराज्य न्यायालयानें दावा काढून टाकला. अशा शिवीगाळीच्या झगड्यांतील वाक्य समंजस श्रोता वस्तुस्थितीचें कथन म्हणून घेणार नाहीं, तें मत म्हणूनच घेईल, असा निकालाचा आशय. शिवाय ड्रेकनेंच आधींच्या एका गीतांत हा विषय काढण्यास प्रतिपक्षाला डिवचलें होतें. ड्रेकनें या निकालावर अपील केलें.

कवितेच्या दृष्टीनें निकाल योग्य आहे. अतिशयोक्तीला साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें केलें तर पोवाडाहि उरणार नाहीं. 'डझन्स'च्या नियमानें पाहिलें तर वकिलाकडे गेला त्या दिवशींच ड्रेक हरला. परंतु तो नियम रिंगणांत उभ्या असलेल्यांचा. मध्यंतरांत खुर्ची सोडून उठावयाचें नाहीं म्हणून पाहत बसलेल्या कोट्यवधि कुटुंबांना हा खेळ आहे हें कोणीं सांगितलें होतें? हार्लेमच्या नृत्यगृहांत शिवी ही शिवी म्हणूनच ऐकूं येत होती. सुपर बोलच्या मैदानांत तीच बातमी होऊन घरोघरीं गेली.

त्या सामन्याच्या पांच दिवस आधीं ड्रेक ऑस्ट्रेलियांत पर्थ येथील मंचावर आला होता. त्याच्या अंगांतील कपड्याला गोळ्यांनीं पडावींत तशीं भोकें होतीं, आणि त्यांतून धूर निघत होता.