धूर होण्याआधीचं गंधक



बाप्पाच्या मंडपात आम्ही कोळशाची गोष्ट काढली, याचं नवल वाटेल. पण आपल्या बाजारहत्नूरच्या ईशान्येला चंद्रपूरचं वीजकेंद्र आहे आणि आग्नेयेला मंचेरियाल जिल्ह्यात जयपूरचं सिंगरेणीचं केंद्र. वीज लागते तोवर कोळसा आहेच.

आपल्याकडच्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का. ऐकायला थोडं. पण हजार टनांमागे ते पाच टन होतं. जळून सल्फर डायऑक्साइड झालं की वजन दुप्पट, म्हणजे दहा टन! हा वायू छातीला त्रास देतो, पावसात आम्ल मिसळतो.

धूर झाल्यावर गंधक पकडायचं तर अफाट धूर धुवावा लागतो. दुसरी वाट अशी: कोळसा पुरता जाळायचाच नाही. कमी प्राणवायू आणि वाफ देऊन त्याचा इंधनवायू करायचा. त्यात गंधक येतं ते सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात. हा वायू धुरापेक्षा आकाराने कितीतरी कमी, म्हणून साफ करणं सोपं.

मात्र नेहमीच्या पद्धतीत तो थंड करून रसायनाने धुतात, आणि त्यातली बरीच उष्णता वाया जाते. म्हणून गरम वायूच साफ करायची युक्ती निघाली. तो झिंक ऑक्साइडच्या दाण्यांतून सोडायचा. जस्त गंधक धरून ठेवतं. मग दाण्यांवर गरम हवा सोडली की गंधक सुटतं आणि दाणे पुन्हा कामाला येतात. सुटलेल्या गंधकाचं आम्ल बनतं. तेच पुढे खताच्या कारखान्यात लागतं.

अडचण दाण्यांची. ते झिजतात, फार तापलं तर जस्त वाफ होऊन उडतं. म्हणून त्यात टायटॅनियम मिसळतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पोल्क वीजकेंद्रात सुमारे ५० मेगावॅटला पुरेल इतका वायू असा साफ करून पाहिला आहे. आपल्या भेलनेही तिरुचिरापल्लीला कोळशाच्या वायूवर ६.२ मेगावॅटचं प्रायोगिक केंद्र उभारलं होतं.

आज हे सांगायचं कारण? २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचा वायू करायचं देशाचं उद्दिष्ट आहे. दुसरीकडे, धुरातलं गंधक काढायचा २०१५ चा नियम जुलै २०२५ मध्ये शहरांपासून दूरच्या बहुतेक केंद्रांसाठी सैल झाला. शहरांपासून दूर म्हणजे आपल्यासारख्या गावांजवळ. तेव्हा नव्या प्रकल्पाची बातमी आली, की नोकऱ्या किती हे जरूर विचारा. पण गंधक कुठे काढणार, हेही विचारा.

गणपती बाप्पा मोरया!