व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद



वकिलीच्या धंद्यात माणसाला एक सवय जडते. कागद हाती आला की आधी खालची सही पाहावयाची, ती कोणत्या नात्याने केली आहे हे वाचावयाचे, आणि मजकुराकडे मागाहून वळावयाचे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्याहून एक निवेदन गेले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हा त्यातील हिशेब. महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत, सबब त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा असाव्यात, हेही त्यात होते. आणि खाली सही : जोतीराव गोविंदराव फुले, व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. म्युनिसिपालिटीच्या सभासदास त्या काळी कमिशनर म्हणत.

१८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या पुरुषाने सही करताना यांपैकी एकही बिरुद लावले नाही. ज्यांना पूज्य बाबासाहेबांनी बुद्ध व कबीर यांच्याबरोबर आपले गुरू मानले आणि १९४६ साली शूद्रांवरील आपला ग्रंथ ज्यांच्या स्मृतीस अर्पण केला, त्या जोतीरावांच्या विचारांवर आपण पुष्कळ व्याख्याने ऐकता. म्हणून आज मी त्या सहीतील व्यापाऱ्याविषयी आणि सभासदाविषयीच बोलणार आहे.

जोतीरावांचा धंदा कोणता? पुना कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी या संस्थेतर्फे ते सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. खडकवासल्याचे धरण व येरवड्याचा पूल यांच्याशी त्यांचा असा संबंध आला. धातूच्या ओतकामास लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती. मांजरीस शेती होती. शाळांचे कार्य चालले त्या घरची चूल या उद्योगांवर पेटत होती. कंत्राटदाराला बांधकाम खात्याची आतली बाजू दिसते. ती पाहून बहुतेक जण गप्प बसतात, कारण पुढचे बिल मंजूर व्हावयाचे असते. जोतीरावांनी त्या खात्यातील लबाडीवर पद्य रचले! आणि १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात बंधारे घालून पावसाचे पाणी व माती रानातच अडवावी असे जे सांगितले आहे, त्यामागे कंत्राटदाराचा व शेतकऱ्याचा असा दुहेरी अनुभव आहे.

१८७६ साली सरकारने त्यांना पुणे म्युनिसिपालिटीवर नेमले. ‘नेमले’ हा शब्द ध्यानात घ्यावा. ज्या हाताने खुर्ची दिली तो हात ती काढूनही घेऊ शकत होता. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीच्या निमित्ताने स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव सभेपुढे आला. हा पैसा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे जोतीरावांचे म्हणणे. मते घेतली तेव्हा विरोधी मत एकच पडले, ते त्यांचे. सरकारची कामे करणारा, सरकारनेच नेमलेला एक व्यापारी सरकारच्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्याच्या सत्काराविरुद्ध हात वर करतो, तेव्हा त्याची खुर्ची आणि त्याचा धंदा अशा दोन्ही गोष्टी एकदम पणास लागतात. ठराव अर्थातच पास झाला.

दुसरे प्रकरण दारूचे. १८८० साली शहरात दारूच्या दुकानांना मोकळीक मिळू लागली, तेव्हा त्यांनी म्युनिसिपालिटीच्या कार्यकारी अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यातील युक्तिवाद मला एखाद्या मुरलेल्या वकिलाचा वाटतो. नगराचे आरोग्य राखण्यासाठी आपण एवढा खर्च करतो, आणि आरोग्य बिघडविणारी ही दुकाने वाढू देतो, हे कसे? सरकार या दुकानांकडून कर घेते, मग म्युनिसिपालिटीनेही का घेऊ नये? नुसता नीतीचा उपदेश केला असता तर तो दप्तरात बांधून ठेवता आला असता. कराच्या सूचनेला मात्र उत्तर देणे भाग पडते. पंचशील ग्रहण केलेल्या आपल्या घरांनी हे पत्र अवश्य माहीत करून घ्यावे.

मंडईची गोष्ट थोडी गमतीची आहे. मोठी मंडई बांधण्यावर पैसा घालण्यास त्यांचा विरोध होता. तोही पैसा शिक्षणाकडे वळावा असेच त्यांचे मत. मंडई झालीच. १८८६ साली ती उघडली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव पडले. नंतरच्या काळात आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीत असताना ते नाव बदलले, आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे.

आता पुन्हा त्या १८८२ च्या निवेदनाकडे येतो. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च म्युनिसिपालिट्यांनी सोसावा, असे त्यात म्हटले आहे. मात्र शाळांचा कारभार सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असेही लगेच म्हटले आहे. स्वतः सभासद असलेला मनुष्य हे लिहितो! आपल्या सहकाऱ्यांना त्याने जवळून पाहिले होते. ज्या सभागृहात एक हजार रुपयांसाठी आपणाला जोडीदार मिळाला नाही, त्याच्या हाती महारा-मांगांच्या मुलांची शाळा निर्धास्त सोपविणे त्याला शक्य नव्हते.

सभासद होण्याच्या आठ वर्षे आधी, १८६८ साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. यास कोणाचा ठराव लागला नाही. महाडच्या म्युनिसिपालिटीने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी पाण्याला हात लागावयास १९२७ चा मार्च उजाडावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ साली मिळाला. ठराव आणि ओंजळ यांच्यातले हे अंतर जोतीरावांनी स्वतःच्या घरी एका दिवसात ओलांडले; जातवाल्यांचा रोष मात्र पत्करला.

उत्तरायुष्यात पक्षाघाताने उजवा हात गेला. डाव्या हाताने त्यांनी अखेरचे पुस्तक लिहिले. धंद्यातून उरलेले असे फारसे काही नव्हते. मित्रांच्या मदतीवर औषधोपचार चालला. १८८७ साली केलेले त्यांचे मृत्युपत्र आहे. त्यात वारस म्हणून सावित्रीबाई आणि यशवंत हा दत्तक मुलगा, एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला. मुलगा नालायक निघाल्यास दुसरा लायक मुलगा निवडून त्यास मिळकत द्यावी, अशीही तजवीज आहे. आपला देह मिठात पुरावा, ही त्यांची इच्छा होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. वस्तीत दफन करण्यास परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले, आणि अस्थी मागाहून घराच्या आवारात ठेवण्यात आल्या.