४के घेतला, तरी चित्र पुसट का?

आज रेकॉर्डिंग घरूनच करतोय, पिंपरी स्टेशनपासून जवळच. मध्येच लोणावळा लोकलचा भोंगा ऐकू आला तर समजून घ्या.

आजचा विषय एका मित्रामुळे सुचला. राहतो काळेवाडीत, कामाला चाकणला, सेकंड शिफ्ट. दिवाळीचा बोनस आला तसा त्यानं पंचावन्न इंची ४के टीव्ही घेतला. बोनस डाऊन पेमेंटला, बाकीचे बारा हप्ते. टीव्ही भिंतीवर चढला, शेजारचे बघून गेले. संध्याकाळी आईनं तिची मालिका लावली आणि म्हणाली, "अरे, आपला जुनाच बरा होता की. ह्याच्यात सगळ्यांची तोंडं पुसट दिसतायत."

रात्री साडेबाराला, शिफ्ट सुटल्यावर, मला फोन. "भावा, दुकानदारानं डुप्लिकेट टिकवला काय रे?"

टीव्ही अस्सल होता. गडबड दुसरीकडे होती, आणि ती बऱ्याच घरांत असते, म्हणून सांगतो.

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं, पिक्सेल म्हणतो ते. आडवे किती आणि उभे किती, ह्या गणिताला रिझोल्यूशन म्हणायचं. एचडी रेडी म्हणजे बहुतेक वेळा १३६६ गुणिले ७६८, साधारण साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. ४के ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ त्र्याऐंशी लाख. फुल एचडीच्या बरोब्बर चौपट.

पण हे झाले पडद्यावरचे ठिपके. येणारं चित्र किती ठिपक्यांचं आहे, हा वेगळा प्रश्न, आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. आपल्या आईवडिलांनी सिंहगडावरच्या टॉवरवरून येणारं दूरदर्शन बघितलं. त्या चित्रात ६२५ ओळी असायच्या, प्रत्यक्ष दिसायच्या ५७६. आता गंमत बघा, आजही साध्या एसडी चॅनेलला ओळी ५७६च. ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख पंधरा हजारांच्या आसपास ठिपके. मित्राच्या घरी जुना एसडी सेट टॉप बॉक्स होता, तोही लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरनं जोडलेला. म्हणजे आलेल्या एका ठिपक्याचे वीस ठिपके त्या टीव्हीनं स्वतःच्या अंदाजानं भरायचे. शिवाय पडदा बत्तीसचा पंचावन्न झालेला. पातळ वरणात पाणी घालून पंगत उठवायची म्हटल्यावर चव कुठून येणार?

मग दुकानात चित्र एवढं झकास कसं दिसलं? तिथं पेन ड्राइव्हवरचा ४के डेमो चालू असतो. पोपट, समुद्र, कापलेली फळं. ब्राइटनेस फुल, रंग भडक. तिथं उभं राहून दोन टीव्हींची तुलना करण्यात काही अर्थ नाही. खुशाल सांगा, "दादा, साधा एसडी चॅनेल लावून दाखवा." तोंड वाकडं करतील, करू द्या.

आता अंतराचं बघू, कारण खरे पैसे इथंच वाचतात. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखू येतो. त्याहून बारीक असेल तर दोन ठिपके एकच वाटतात. ह्या हिशेबानं त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्हीचे ठिपके साडेपाच फुटांच्या पुढून डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. पंचावन्न इंचीला हेच अंतर सात फुटांच्या थोडं पुढं जातं. बत्तीस इंची एचडी रेडीला सहा फूट पुरतात.

आपल्याकडची खोली दहा बाय बाराची. पलंग एका भिंतीला, टीव्ही समोरच्या, मध्ये आठ-नऊ फूट. एवढ्या अंतरावरून त्रेचाळीस इंचीत फुल एचडी आणि ४के ह्यांच्यातला फरक डोळ्याला पकडता येत नाही. ८के तर सोडूनच द्या. हां, पीएस खेळायला जवळ बसणार असाल किंवा लॅपटॉप जोडून बारीक अक्षरं वाचणार असाल, तर हिशेब बदलतो. आणि खरं सांगायचं तर त्रेचाळीसच्या वर आता बाजारात बहुतेक टीव्ही ४केच मिळतात, त्यामुळे तुम्ही घ्याल तो ४केच निघेल. घ्या की! फक्त ४के आहे म्हणून जादा पैसे मोजू नका. ते पैसे चांगल्या ब्राइटनेसवर आणि सर्व्हिसवर घाला.

एक फसवाफसवी मात्र ओळखून ठेवा. खोक्यावर 'सपोर्ट्स ४के' लिहिलं म्हणजे पडदा ४के असतोच असं नाही. ४के व्हिडिओ आत घेऊन एचडी रेडी पडद्यावर दाखवणारे टीव्ही असतात. दुकानातच मॉडेल नंबर फोनवर टाका, कंपनीच्या साइटवर रिझोल्यूशनची ओळ शोधा. तिथं ३८४० गुणिले २१६० असेल तरच तो ४के.

ओटीटीवाल्यांसाठीही थोडं. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही, आणि ४के फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये. त्याला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १५ एमबीपीएसचा स्पीड लागतो.

आणि पूर्वी टॅक्स कमी म्हणून बरेच जण बत्तीसवर थांबायचे, ते कारण आता उरलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीसच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दोन्हींना सारखाच.

मित्राचं काय झालं? टीव्ही परत देता येत नव्हता. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घेतला, एचडीएमआय वायर लावली, मराठी एचडी चॅनेलचा पॅक टाकला. त्रेचाळीसचा घेतला असता तरी भागलं असतं हे त्यालाही पटलंय, पण हप्ते अजून सात बाकी आहेत. आईची तक्रार आता वेगळी आहे. "अरे, त्या सासूचा मेकअप किती जाड दिसतो रे ह्याच्यात!"

चला, लोकल आली वाटतं. भेटू पुढच्या भागात.