संमेलन, महोत्सव आणि अंदाजपत्रक



समाजात एखादे कार्य ठरले की पहिला प्रश्न निघतो तो मंडप किती मोठा घालायचा, दुसरा पाहुणे कोण बोलवायचे आणि तिसरा पंगतीला गोड काय करायचे. तिन्ही प्रश्न जिव्हाळ्याचे आहेत. चौथा प्रश्न कोषाध्यक्षाचा असतो आणि तो उत्साहाच्या भरात बहुधा कोणाच्या कानावर पडत नाही. तो प्रश्न असा, की माणसे किती येणार, आणि हा आकडा सांगणाऱ्याने तो कशाच्या आधारे सांगितला? धर्मप्रभावनेचा महोत्सव असो, समाजातील डॉक्टरांची वा सनदी लेखापालांची दोन दिवसांची व्यावसायिक परिषद असो, अंदाजपत्रकाची सारी इमारत या एका आकड्यावर उभी राहते.

हा विषय रुक्ष खरा, पण त्यात पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. पुष्कळ संस्थांची शिष्यवृत्ती आणि औषधोपचाराची मदत कायम ठेवींच्या व्याजावर चालते. कार्यात आलेली तूट भरण्यासाठी अशी एखादी ठेव मुदतीपूर्वी मोडली जाते तेव्हा टाळ्यांचा आवाज विरलेला असतो, आणि पुढील जूनमध्ये एखाद्या विद्यार्थ्याच्या अर्जावर ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्याचा आणि मंडपाच्या कमानीचा संबंध कोणी जोडत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ या. दोन दिवसांची परिषद आहे. सभागृह, ध्वनियोजना, छपाई आणि वक्त्यांचा प्रवास मिळून ३ लाख रुपये लागतात. दहा माणसे आली काय आणि हजार आली काय, हा खर्च तोच राहतो. भोजन, चहा आणि प्रतिनिधींना द्यावयाचे साहित्य मिळून माणशी ९०० रुपये पडतात. प्रतिनिधी शुल्क १,५०० रुपये ठेवले, तर प्रत्येक प्रतिनिधीमागे ६०० रुपये स्थिर खर्चाकडे जातात. म्हणजे ५०० प्रतिनिधी आले की तोंडमिळवणी. ६०० आले तर ६० हजारांची शिल्लक, ४०० आले तर तेवढीच तूट.

इथवरचे गणित सर्वांनाच येते. खरी मेख पुढे आहे. समितीने उत्साहाने आचाऱ्याला आणि साहित्य पुरवणाऱ्याला ६०० जणांची हमी दिली आणि प्रत्यक्षात ४०० आले, तर पैसे ६०० जणांचेच मोजावे लागतात. जमा ६ लाख, खर्च ८ लाख ४० हजार. तूट ६० हजारांची न राहता २ लाख ४० हजारांची होते. म्हणून अंदाज ६०० चा असला तरी हमी ४५० ची द्यावी, वरच्या दीडशेंसाठी वाढीव दर आधीच ठरवून घ्यावा, आणि अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा हे करारात लिहून घ्यावे. ‘आपलाच माणूस आहे, लिहायचे कशाला’ हे वाक्य जैन समाजातही इतर समाजांइतकेच महाग पडलेले आहे.

आता भोजनाविषयी थोडे सविस्तर, कारण जैन कार्यक्रमाचे वेळापत्रक सभागृहात कमी आणि स्वयंपाकघरात अधिक ठरते. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकावे लागते. नोव्हेंबरअखेर पुण्याच्या परिसरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. समजा, माणसे ८०० आहेत, पंगत २०० ची आहे आणि प्रत्येक पंगतीस वाढण्यापासून उष्टे काढण्यापर्यंत ४० मिनिटे लागतात. चार पंगतींना २ तास ४० मिनिटे झाली. याचा अर्थ पहिली पंगत सव्वातीनच्या आसपास बसली पाहिजे. आणि कार्यक्रमपत्रिकेवर तर साडेचार ते सहा परिसंवाद छापलेला असतो! अशा वेळी परिसंवादाला रिकाम्या खुर्च्या, शेवटच्या पंगतीला धावपळ आणि नियम पाळणाऱ्या वृद्धांचा उपवास, हे तिन्ही एकदम घडते. उपाय दोनच. भोजनमंडप ४०० चा करावा, म्हणजे दोन पंगतींत १ तास २० मिनिटांत काम होते; किंवा वक्ते कमी करावेत. पहिल्या उपायाला पैसे लागतात, दुसऱ्याला धैर्य. हा निर्णय पत्रिका छापण्यापूर्वी व्हावा. कंदमूळवर्जित स्वयंपाक, गाळून उकळलेले पाणी आणि ते निवण्यासाठी लागणारी भांडी व वेळ, यांचाही आचाऱ्याच्या दरात वेगळा उल्लेख असावा.

मोठ्या प्रमाणावरील नियोजनाचे उदाहरण म्हणून श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाकडे पाहता येईल. सुमारे ५७ फुटांच्या त्या अखंड पाषाणमूर्तीसमोर साधारणपणे दर बारा वर्षांनी हा सोहळा होतो. १९८१, १९९३, २००६ आणि २०१८ ही अलीकडची वर्षे. डोंगरमाथ्यावर मूर्तीमागे उंच मचाण उभारायचे, पायथ्याशी तात्पुरती उपनगरे वसवायची, पाणी, स्वच्छता आणि आरोग्य यांची व्यवस्था लावायची आणि सोहळा संपताच ते सारे उतरवायचे. बारा वर्षांचे अंतर नियोजकांस अवघड असते. मागच्या वेळचे कार्यकर्ते वृद्ध झालेले असतात आणि मागचे आकडे फसवे झालेले असतात. मार्च २०१७ मध्ये बेंगळुरू–हासन रेल्वेमार्ग श्रवणबेळगोळमार्गे सुरू झाला. २००६ मध्ये नसलेली ही सोय २०१८ च्या यात्रेकरूंना मिळाली. मागच्या गर्दीचा आकडा घेऊन त्यात काही टक्के मिळवण्याची सोपी पद्धत अशा बदलापुढे टिकत नाही.

याच क्षेत्रातील गुल्लकायज्जीची परंपरागत कथा सर्वांस ठाऊक आहे. चामुंडरायाने सिद्ध केलेले विपुल दूध मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना आणि वृद्धेच्या हातातील इवल्याशा पात्रातील दुधाने संपूर्ण अभिषेक झाला. प्रवचनांतून ही कथा अहंकाराच्या संदर्भात सांगितली जाते. अंदाजपत्रक करणाऱ्याने ती ऐकताना आपल्या यादीतील कोणती रक्कम अभिषेकासाठी आहे आणि कोणती दिमाखासाठी, यावर एकदा पेन्सिलीने खुणा कराव्यात.

जमेच्या बाजूस सर्वांत मोठा धोका वचन आणि वसुली यांतील अंतराचा. बोली, म्हणजे दक्षिण महाराष्ट्रात ज्याला सवाल म्हणतात, ती चढते त्या क्षणी वहीत मोठा आकडा दिसतो; रक्कम हाती येण्यास मात्र महिने लागू शकतात. मंडपवाल्याला आठवड्यात पैसे हवे असतात. म्हणून खर्चाची मंजुरी हाती आलेल्या रकमेवर द्यावी आणि एकूण खर्चाच्या दहावा हिस्सा अनपेक्षित बाबींसाठी वेगळा ठेवावा. एखाद्या कुटुंबाने एका दिवसाचे अन्नदान परस्पर उचलले, तर त्याचेही मूल्य जमा व खर्च या दोन्ही बाजूंस लिहावे. तसे न केल्यास पुढील समितीला तो दिवस फुकट पार पडला असे वाटते.

कायद्याची बाजू थोडक्यात. विहित मर्यादेहून अधिक उत्पन्न असलेल्या न्यासाने वार्षिक अंदाजपत्रक हिशेबी वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे, अशी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात तरतूद आहे. सुवर्णमहोत्सवासारखे कार्य त्यात आधीच दिसले पाहिजे. २०१७ पासून २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकरातील वजावट मिळत नाही, आणि एका प्रसंगानिमित्त एका व्यक्तीकडून २ लाख वा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास मनाई आहे. नवी करप्रणाली निवडणाऱ्या देणगीदारास तर देणगीवरील वजावट मिळतच नाही. कार्यकर्त्याने घरोघर जाताना हे स्पष्ट सांगावे. प्रतिनिधी शुल्क, स्टॉलचे भाडे आणि जाहिराती यांवरील वस्तू व सेवा कराचा विचार दर ठरवण्यापूर्वीच लेखापालांशी बसून करावा.

कार्य पार पडल्यावर तीस दिवसांच्या आत हिशेब सभेपुढे वाचावा. आभाराची सभा सगळे घेतात, हिशेबाची सभा पुढे ढकलली जाते. त्या सभेत अंदाज आणि प्रत्यक्ष असे दोन रकाने शेजारीशेजारी असावेत, फरकाचे कारण एका ओळीत लिहिलेले असावे, आणि शिलकीचे काय करायचे याचा ठराव त्याच बैठकीत व्हावा. किती ताटे सांगितली, किती उठली, किती पाणी लागले, कोणत्या दिवशी गर्दी ओसरली, ही टिपणे करारांच्या प्रतींसह एका फाइलीत लावून ती फाइल कोषाध्यक्षांच्या घरी न ठेवता संस्थेच्या कपाटात ठेवावी.