कनवाळूपणा आणि हक्क : माँटगोमेरीच्या बायकांची गोष्ट

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

या सत्राचा विषय आहे अमेरिकन समाजातले स्वातंत्र्य, तिथली दुही आणि कनवाळूपणाचे मोल. सकाळी चहाच्या वेळी एकीने मला विचारलेच, "ताई, आपल्याला अमेरिकेचे काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. पण आपले हे नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या अशा भल्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्याकडच्या लोकांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तसेच काही करावे, ही त्यामागची आशा होती. म्हणजे माणसाची सहृदयता आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच मांडला गेला आहे.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर दक्षिणेकडच्या राज्यांनी नवे कायदे करून काळ्यांना वेगळे काढले. शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे, पण समान' म्हणून त्यावर शिक्का मारला. आणि गंमत पाहा, याच समाजात गोऱ्या घरांतून कनवाळूपणा भरपूर होता. मोलकरणीला जुने कपडे मिळत, उरलेले अन्न मिळत, मूल आजारी पडले तर औषधाला चार पैसे मिळत. मिळत नव्हती ती रीतसर मजुरी. १९३५ चा सामाजिक सुरक्षेचा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, दोन्हींतून घरकामगार आणि शेतमजूर वगळले गेले. काळ्या बायका मोठ्या संख्येने याच दोन कामांत होत्या. मालकिणीची दया होती, पण ती दया मालकीण म्हणेल तोवरच. उद्या ती रुसली तर दाद कुठे मागणार? आपल्या वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

आता अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात जाऊ. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट अशी सांगतात, की एक गरीब शिवणकाम करणारी बाई दिवसभराच्या कामाने थकली होती, म्हणून उठली नाही. आपण कार्यकर्त्यांनी तरी ही गोष्ट अशी सांगू नये. रोझाबाई कित्येक वर्षांच्या कार्यकर्त्या होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या काळ्या तरुणीवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा त्या प्रकरणाची माहिती गोळा करायला संघटनेने पाठवले ते रोझा पार्क्स यांना. आरोपींवर खटलासुद्धा उभा राहिला नाही. रेसीबाईंची अलाबामाच्या विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ मध्ये. बसमधल्या त्या नकारामागे एवढे काम होते.

अटकेच्या त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजमधल्या सायक्लोस्टाईल मशीनवर हजारो पत्रके काढली. सोबतीला एक सहकारी आणि दोन विद्यार्थी. त्या काळ्या स्त्रियांच्या राजकीय परिषदेच्या अध्यक्ष होत्या आणि बसवर बहिष्कार पडेल असा इशारा त्यांनी १९५४ मध्येच महापौरांना पत्राने दिला होता. बहिष्कार सुरू झाला ५ डिसेंबरला आणि चालला ३८१ दिवस.

मैत्रिणींनो, ३८१ दिवस हा आकडा बोलायला सोपा आहे. रोज पहाटे उठून कामावर चालत जायचे, संध्याकाळी चालत यायचे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी लोकांनी आपल्या मोटारी दिल्या. थांबे ठरवले, वेळा ठरवल्या. पेट्रोलला पैसे लागत होते. ते कुठून आले? चर्चमधून आले, बाहेरगावच्या देणग्यांतून आले, आणि स्वयंपाकघरातून आले.

जॉर्जिया गिलमोर ही सहा मुलांची आई, खानावळीत स्वयंपाक करणारी. पैसे भरल्यावर ड्रायव्हरने तिला खाली उतरून मागच्या दाराने चढायला लावले आणि ती चढायच्या आत बस सोडून दिली. तेव्हापासून तिने बस टाकली. बहिष्कार सुरू झाला तेव्हा तिने बायका जमवल्या. घरी तळलेले कोंबडीचे तुकडे, सँडविच, केक, पाय करायचे आणि विकायचे. जमलेले पैसे दर आठवड्याच्या सभेत द्यायचे. या गटाचे नाव ठेवले 'द क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे कुठूनच न आलेल्यांचा क्लब. पैसे कुठून आले असे विचारले तर उत्तर एकच, 'कुठूनच नाही'. बायका गोऱ्यांच्या घरी नोकरीला होत्या. नाव फुटले असते तर चूल विझली असती. स्वतः जॉर्जियाबाईंनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी घरातच जेवणावळ सुरू केली. १९९० मध्ये त्या वारल्या. चळवळीच्या स्मृतिमोर्चासाठी त्यांनी रांधलेले अन्न त्या दिवशी समाचाराला आलेल्यांना वाढले गेले.

मला वाटते, कनवाळूपणाचे खरे मोल इथे दिसते. इथे देणारी वर आणि घेणारी खाली असे नव्हते. जी केक करत होती तीच उद्या त्या मोटारीत बसणार होती. आणि सगळ्यांचे मागणे स्पष्ट होते.

गोऱ्या बायकांचे काय? कित्येक मालकिणी आपल्या मोलकरणीला गाडीतून आणू-सोडू लागल्या. महापौर चिडले, अशाने बहिष्काराला बळ मिळते म्हणाले. तेव्हा, महापौरांनी यावे आणि आमचे धुणे-स्वयंपाक करावे, असा टोला काहींनी लगावल्याचे सांगतात. यात माया किती आणि स्वतःच्या चुलीची काळजी किती, हे वेगळे काढता येणार नाही. त्यातल्या बहुतेकींनी बसचा कायदा बदला असे उघड म्हटले नाही. म्हटले ते ज्युलिएट मॉर्गन या ग्रंथपाल बाईने. बहिष्काराच्या पहिल्या आठवड्यातच तिने वर्तमानपत्रात पत्र लिहिले आणि या लढ्याची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली. तिला धमक्या आल्या, घरावर दगड आले, ओळखीच्यांनी पाठ फिरवली. जुलै १९५७ मध्ये तिने आपले आयुष्य संपवले. ज्या समाजात दुही इतकी खोल असते, तिथे पलीकडच्याची बाजू घेणारी बाई आपल्याच माणसांत एकटी पडते. अशा बाईच्या मागे उभे राहणारे कोणीतरी लागते. तिच्यामागे पुरेसे कोणी नव्हते.

आणखी एक नाव घेते. क्लॉडेट कोल्विन. रोझाबाईंच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, याच शहरात पंधरा वर्षांच्या या मुलीने जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही अटक झाली. पण पुढाऱ्यांनी तिला पुढे केले नाही. वय लहान, घर गरीब, आणि त्याच वर्षी ती लग्नाशिवाय गरोदर राहिली. 'चांगल्या घरातली' बाई हवी होती. तरी कोर्टात गेलेल्या चार स्त्रियांत ती होती : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट. त्यांच्याच खटल्यामुळे नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि बसमधला भेद संपला. चळवळीला जिच्या साक्षीचा उपयोग झाला, तिला मायेने जवळ घेणे मात्र चळवळीला जमले नाही. हे ऐकताना आपल्या केंद्रावर येणाऱ्या मुली माझ्या डोळ्यांपुढे येतात. कोणती 'केस' मोर्चापुढे न्यायची आणि कोणती दडवायची, ही चर्चा आपल्याही बैठकांत होते.

घरकामगारांचीही गोष्ट पुढे सरकली. १९६८ मध्ये अटलांटा शहरात डोरोथी बोल्डन या मोलकरीण बाईने घरकामगारांची संघटना बांधली. बसमध्ये, थांब्यावर बायकांशी बोलून बोलून बांधली. सभासद व्हायचे तर मतदार म्हणून नाव नोंदवलेच पाहिजे, हा तिचा नियम. १९७४ मध्ये घरकामगारांना केंद्रीय किमान वेतन कायद्यात जागा मिळाली. आपल्याकडे १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि संघटना उभी केली, महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ उजाडले. जुन्या साडीपासून हक्काच्या मजुरीपर्यंतची वाट दोन्हीकडे बायकांनीच तुडवली आहे.

मिळालेला हक्क कायमचा राहतो का? तेही अमेरिकेत पाहा. गर्भपाताचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मान्य केला होता. जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो काढून घेतला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. आता बाई कोणत्या राज्यात राहते यावर तिचे स्वातंत्र्य ठरते. पैसेवाली विमानाने दुसऱ्या राज्यात जाते. टेक्सासमधल्या गरीब बाईला न्यू मेक्सिकोत जायचे तर रजा, भाडे, मुले कोणापाशी ठेवायची, सगळेच अडते. तिच्यासाठी कार्यकर्त्या वर्गणी काढतात, गाडी चालवतात, घरी मुक्कामाला ठेवतात. पुन्हा मोटारी, पुन्हा वर्गणी. हे काम मोलाचे आहे. पण गाडी पुरवता येते ती काही जणींना. हक्क असता तर सगळ्यांना मिळाला असता. म्हणून त्या बायका गाडीही चालवतात आणि मतदानासाठी दारोदारही जातात. २०२२ आणि २०२३ मध्ये कॅन्सस, मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत मतदारांनी या हक्काच्या बाजूने कौलही दिला.

मैत्रिणींनो, मी समाजकार्याचे शिक्षण घेतले आहे, नोकरीही त्यातच करते. आम्हाला 'लाभार्थी' हा शब्द फार आवडतो. रजिस्टरात रकानाच असतो. जॉर्जिया गिलमोर यांच्या वहीत तो रकाना नव्हता. आपल्या गटांनी घरी गेल्यावर तीन गोष्टी ताडून पाहाव्यात असे मला वाटते. आपण ज्या बाईला मदत करतो तिला आपल्या बैठकीत बसायला जागा आहे का? आपल्या मदतीबरोबर हक्काची मागणीही जाते का? आणि आपल्यातली क्लॉडेट, जिला पुढे करायला आपण कचरतो, तिच्या घरी गेल्या महिन्यात कोणी जाऊन आले का? दुपारच्या गटचर्चेत इथूनच सुरुवात करू.