गजर ऐकून मगच घ्या

चावीच्या जुन्या मनगटी घड्याळांमध्ये गजर वाजवणाऱ्या घड्याळांची जात वेगळीच आहे. १९७०च्या दशकात क्वार्ट्‌झ घड्याळांचा जोर झाला आणि बहुतेक कारखान्यांनी ती बनवणं सोडून दिलं. आता ती मिळतात जुन्या बाजारात, लिलावात, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटात. मुंबईत चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तरुण मंडळी ती शोधत फिरतात, ही आनंदाचीच गोष्ट. पण घेताना ही मंडळी करतात काय? डायल निरखतात, डायलवरचं नाव वाचतात, केसवरचे ओरखडे पाहतात, सेकंदकाटा फिरतोय याची खात्री करतात, थोडी घासाघीस करतात आणि पैसे देतात. गजर वाजवून पाहिला का, असं विचारलं की उत्तर येतं, "घड्याळवाला म्हणाला, चालू आहे."

हे बरोबर नाही. गजर न ऐकता गजराचं घड्याळ घेऊ नये. आजच्या या थोड्या मिनिटांत दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्यावं.

उन्हाळ्याच्या तोंडावर कुंभाराकडे माठ घ्यायला गेलेली घरातली जाणती बाई आठवा. ती माठाचा रंग पाहते, पण रंगावर जात नाही. माठ उचलते, काठाशी हलका धरते आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारते. खणखणीत आवाज आला तर भाव विचारते. बद्द आला तर माठ खाली ठेवते आणि दुसरा उचलते. टिचकी मारताना माठ पोटाशी कवटाळून धरला तर चांगला माठसुद्धा बद्द वाजतो, हेही तिला ठाऊक असतं. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. तडा बुजवून वरून गेरू फासला असेल तर डोळे हमखास फसतात, कान फसत नाहीत. काही रुपयांच्या माठासाठी घराघरांत घेतली जाणारी ही काळजी हजारो रुपयांच्या घड्याळासाठी का घेतली जात नाही?

माठाचं उदाहरण इथे अगदी नेमकं लागू पडतं, कारण या घड्याळाचा आवाजही त्याच्या कवचातून निघतो. आतली रचना थोडक्यात अशी. बहुतेक चांगल्या मशीनमध्ये दोन कमानी असतात, एक वेळेची आणि एक गजराची. गजराचा काटा किंवा आतली चकती फिरवून वेळ लावली, की डायलखाली गजराच्या चाकातली खाच त्या जागी येऊन थांबते. तासाचं चाक फिरत फिरत तिथे पोहोचलं की त्यावरचा उंचवटा खाचेत बसतो, चाक केसभर सरकतं आणि इतका वेळ अडवून धरलेला छोटा हातोडा सुटतो. हातोडा भराभर ठोके देतो. ते ठोके पडतात कशावर? पुष्कळ घड्याळांत मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बसवलेल्या एका बारीक खुंटीवर. खुंटी थरथरते, तिच्याबरोबर झाकण थरथरतं आणि कानावर येतो तो त्या झाकणाचा आवाज.

म्हणजे अशा घड्याळाचं मागचं झाकण हे वाद्य आहे. ते बदललेलं असेल, खुंटी झिजली किंवा वाकली असेल, खुंटी मध्यापासून बाजूला असलेलं झाकण भलत्याच कोनात बसवलं असेल, तर मशीन कितीही उत्तम असलं तरी गजर घोगरा येतो किंवा येतच नाही. हे सगळं डायलकडे पाहून कसं कळणार?

मनगटावर गजर वाजवण्याची धडपड फार जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या एटर्ना कंपनीनं १९०८ साली अशा घड्याळाचं पेटंट घेतलं आणि १९१४ साली बर्नच्या राष्ट्रीय प्रदर्शनात ते मांडलं. पण मनगटावर मावेल एवढ्या लहान केसमधून झोपलेल्या माणसाला उठवील असा आवाज काढायचा कसा, हा प्रश्न पुढची तीस-एक वर्षं सुटला नाही. तो सोडवला ला शो-द-फोंच्या व्हल्केन कंपनीच्या रॉबर्ट डिटिशाइम यांनी. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हाँ यांचा सल्ला त्यांना मिळाला होता, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात. एवढासा रातकिडा रान दणाणून सोडतो, तर घड्याळाला ते का जमू नये, असा तो विचार होता. १९४७ साली घड्याळ बाजारात आलं आणि त्याचं नाव रातकिड्यावरूनच ‘क्रिकेट’ ठेवलं.

डिटिशाइम यांची युक्ती दोन झाकणांची होती. आत पातळ पडद्यासारखं झाकण, त्यावर हातोडा पडणार. आणि बाहेर भोकं पाडलेलं दुसरं झाकण. आतलं झाकण मनगटाला टेकतच नाही, त्यामुळे कातडीनं आवाज दबत नाही आणि तो भोकांमधून बाहेर पडतो. (माठ काठाशी हलका धरायचा तो याचसाठी.) दोन्ही कमानींना चावी एकाच बटणानं द्यायची: एका दिशेनं फिरवलं की वेळेची, उलट फिरवलं की गजराची. गजर वीस-एक सेकंद वाजतो आणि तेवढा पुष्कळ वाटतो. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना १९५३ साली पद सोडताना व्हाइट हाऊसच्या छायाचित्रकारांनी हेच घड्याळ भेट दिलं. आयझेनहॉवर यांच्या मनगटावर ते होतं. लिंडन जॉन्सन स्वतः ते वापरत आणि इतरांना भेटही देत. १९६१ साली हानेस केलर या पाणबुड्याच्या साथीनं कंपनीनं ‘क्रिकेट नॉटिकल’ काढलं. खोल पाण्यात वर येण्याची वेळ पाणबुड्याला ऐकू यावी, हा त्यामागचा हेतू. गजर नीट ऐकू येणं हा तिथे जिवाचा प्रश्न होता!

आता असं ‘क्रिकेट’ घ्यायला गेल्यावर पहिली तपासणी कोणती? घड्याळ उलटं करायचं. बाहेरचं भोकांचं झाकण मूळचं आहे का? भोकं घामानं आणि मळानं बुजली आहेत का? आणि मग चावी देऊन ऐकायचं. तोच मुद्दा परत आला, पण तो परत परत सांगावा इतका महत्त्वाचा आहे.

क्रिकेटनंतर तीन वर्षांनी, १९५० साली, जेजर-लकूल्त्र कंपनीचं ‘मेमोव्हॉक्स’ आलं. त्याला दोन बटणं, एक वेळेचं आणि एक गजराचं. गजराची वेळ काट्यानं नव्हे, तर डायलच्या मधोमध फिरणाऱ्या चकतीवरच्या बाणानं दाखवायची. दिसायला हे घड्याळ फार देखणं, आणि आवाजही क्रिकेटपेक्षा वेगळा, अधिक सभ्य. चार्ली चॅप्लिन स्वित्झर्लंडमध्ये राहायला गेले तेव्हा, ऑक्टोबर १९५३ मध्ये, व्हो प्रांताच्या सरकारनं त्यांना सोन्याचं मेमोव्हॉक्स भेट दिलं. १९५६ साली याच कंपनीनं हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारं पहिलं गजराचं मनगटी घड्याळ काढलं. त्यातलं वजन पूर्ण गोल न फिरता दोन्ही बाजूंच्या बफरवर आपटून परत येतं. त्या मशीनबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण वेळ थोडा आहे.

सामान्य खिशाला परवडणाऱ्या घड्याळांकडे यायला हवं. स्वित्झर्लंडच्या ए. शील्ड कारखान्यानं १९५०च्या दशकात ‘ए. एस. १४७५’ नावाचं गजराचं मशीन काढलं आणि अनेक कंपन्यांना विकलं. कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या डायलखाली हेच मशीन सापडतं. ट्यूडर कंपनीनं १९५७च्या ‘ॲडव्हायझर’मध्येही तेच वापरलं, पण रोलेक्सच्या जाडजूड, पाणी न शिरणाऱ्या केसमध्ये बसवलं. परिणाम काय झाला? मशीन तेच, पण आवाज दबका. मशीनएवढंच महत्त्व कवचाला आहे, याचा याहून चांगला पुरावा शोधायला नको. त्याच मशीनच्या धर्तीवर मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यानं ‘पोल्योत २६१२’ बनवलं. २६१२ मधला २६ हा मशीनचा मिलिमीटरमधला व्यास आणि १२ ही गजराच्या मशीनची खूण. हे घड्याळ अजूनही तुलनेनं स्वस्त मिळतं आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं याच्यापासूनच करावी. दोन बटणं, सरळ रचना, आणि आवाज असा की टेबलावर ठेवलं तर टेबलही वाजतं.

जपाननंही मागे राहायचं नाकारलं. सिटिझननं १९५८ साली त्या देशातलं पहिलं गजराचं मनगटी घड्याळ काढलं आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सेकोचं ‘बेल-मॅटिक’ आलं. बेल-मॅटिकमध्ये वेळेची कमान हालचालीनं भरते, गजराची मात्र हातानं भरावी लागते. हे ठाऊक नसल्यानं कुणी ‘गजर बिघडला’ म्हणून ते स्वस्तात काढतो आणि कुणी त्याच कारणानं चांगलं घड्याळ नाकारतो. मागच्या झाकणावरच्या क्रमांकातला पहिला अंक साल सांगतो आणि दुसरी खूण महिना. पण १९६८ की १९७८ हे मॉडेल पाहून ठरवावं लागतं.

ऐकायचं कसं, तेही नीट समजून घ्यावं. आधी गजराची कमान पूर्ण भरावी. बटण अडल्यावर जोर लावू नये. गजराचा काटा सातवर आणावा आणि मग वेळेचे काटे सावकाश पुढे, फक्त पुढे, फिरवत सातकडे न्यावे. गजर सुटेल तेव्हा मिनिटकाटा कुठे आहे ते पाहावं. पाच मिनिटं अलीकडे-पलीकडे असेल तर ठीक. या घड्याळांकडून यापेक्षा काटेकोरपणा मागू नये. पण हाच प्रयोग दुसऱ्यांदा करावा. पहिल्यांदा सातला पाच कमी असताना आणि पुढच्या वेळी सव्वासातला वाजला, तर गजराच्या चाकात किंवा काट्यांच्या बसवणीत खोट आहे. वाजायला लागला की बंद करू नये, संपेपर्यंत ऐकावा. सुरुवातीला जोरात आणि मग हळूहळू मंदावत गेला तर कमान चांगली. मध्येच अडखळला, थांबला, बोटानं टकटक केल्यावर पुन्हा सुरू झाला, तर आत सुकलेलं तेल आहे. एकदा घड्याळ टेबलावर ठेवून ऐकावं, एकदा मनगटावर बांधून. आणि घड्याळ दुसऱ्या गावाहून किंवा परदेशातून मागवायचं असेल तर विकणाऱ्याकडून गजराचा व्हिडिओ मागावा, आवाजासकट. कितीही सुंदर फोटो पाठवले तरी त्यातून गजर ऐकू येत नाही. व्हिडिओ द्यायला जो टाळाटाळ करील त्याचं घड्याळ त्याच्यापाशीच राहू द्यावं.

एक गोष्ट मनाला लागते म्हणून इथे बोलणं भाग आहे. परदेशी संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा शब्द रूढ आहे. नवीन भडक रंगात रंगवलेली डायल, इकडचे काटे, तिकडची केस, अशी जुळवाजुळव केलेली घड्याळं आपल्या शहरातून जगभर गेली, म्हणून हे नाव पडलं. ज्या मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून फाव्र-ल्यूबासारख्या स्विस कंपन्यांची घड्याळं येत होती, जिथल्या कारागिरांनी ती पिढ्यानपिढ्या दुरुस्त केली, त्या शहराच्या वाट्याला हे नाव यावं याचं वाईट वाटतं. रंगवणारे हात कुशल आहेत, पण मागणी झगमगीत डायलची आहे म्हणून ते तीच पुरवतात. पिवळी पडलेली, डाग पडलेली, पण मूळची डायल आणि स्वच्छ वाजणारा गजर यांना गिऱ्हाईक चांगले पैसे देऊ लागलं, तर त्याच हातांना वेगळं काम मिळेल. जुळवाजुळव केलेल्या गजराच्या घड्याळात सर्वांत आधी बिघडतो तो आवाज, कारण दुसऱ्याचं झाकण बसवलं की हातोडा आणि खुंटी यांचं अंतर चुकतं.

घड्याळ घेतल्यावर सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा गजराची बाजूही उघडून साफ करायला स्पष्ट शब्दांत सांगावं. वेळ बरोबर दाखवतंय म्हटल्यावर ती बाजू तशीच राहून जाण्याची शक्यता असते. परत घेताना दुकानातच उभं राहून गजर पूर्ण ऐकावा, घाई करू नये.

रेडियमचा मुद्दा राहिलाच, आणि मिनिटभरच उरलंय. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अंधारात चमकणाऱ्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग लावत. पुढे ट्रिशियम आलं. चमक केव्हाच गेली असली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग गेलेला नसतो. त्यामुळे अशी घड्याळं घरी उघडू नयेत, डायलवरचा रंग खरवडू नये, त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नये. काम जाणत्या कारागिराकडेच द्यावं आणि देताना डायलवर रेडियम आहे हे त्याला आधी सांगावं.