व्यसनमुक्तीत सोबतीचे काम आणि आपला हॉल

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कुटुंब मेळाव्यात संस्थेच्या एका सभासदाने केलेले भाषण. त्यांच्या विनंतीवरून नाव व छायाचित्र छापलेले नाही.)



आपल्या संस्थेच्या पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये पाण्यावर बोलणं झालं, रस्त्यावर झालं, कोळशाच्या धुळीवर तर दर आमसभेत होते. दारूवर मात्र कधी झालं नाही. विषय माहीत नाही असं नाही. कोणाच्या घरी रात्री काय चालते ते भिंतीपलीकडे ऐकू येते, आणि सकाळी भेटलो की आपण नळाच्या वेळेबद्दल बोलतो. अध्यक्षांनी आज मला या विषयावर वीस मिनिटं दिली, त्याबद्दल आधी आभार.

जुने सभासद मला ओळखतात. नव्यांसाठी सांगतो. मी खाणीतून निवृत्त झालो. मी दारूच्या आजाराचा रुग्ण आहे आणि 2014 च्या दिवाळीपासून घेतलेली नाही. 'रुग्ण होतो' असं म्हणत नाही, 'आहे' म्हणतो. मधुमेहाची साखर काबूत आली म्हणून कोणी पथ्य सोडत नाही, तसंच हे. आमच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये, म्हणजे ए.ए.मध्ये, छापील कागदावर सदस्याचं नाव येऊ देत नाहीत. यात लाजेचा भाग नाही. उद्या मी घसरलो तर लोकांनी 'पाहा, यांच्या मीटिंगचा काही उपयोग नाही' असं म्हणू नये, आणि नाही घसरलो तर मी मोठा होऊ नये. दोन्ही बाजूंनी काळजी घेतलेली बरी.

माझं काम काय, हे मला नेहमी विचारतात. आठवड्यातून दोन दिवस मी एका व्यसनमुक्ती केंद्रात मानधनावर जातो. तिथे माझ्या कामाला 'पीअर सपोर्टर' म्हणतात. पीअर म्हणजे बरोबरीचा. मी त्याला सोबती म्हणतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशनाची पदवीही माझ्याजवळ नाही. माझ्याजवळ एकच गोष्ट आहे, समोरचा ज्या रस्त्यानं चालला आहे त्या रस्त्यावरचे खड्डे मला पाठ आहेत.

ही कल्पना आजची नाही. 1935 साली अमेरिकेतला बिल विल्सन नावाचा शेअर दलाल ॲक्रन गावी कामासाठी गेला होता. व्यवहार फसला, हॉटेलच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते, आणि त्याची दारू सुटून थोडेच महिने झाले होते. त्यानं बारमध्ये जायच्याऐवजी फोन फिरवायला सुरुवात केली. मला इथला एखादा दारूत बुडालेला माणूस भेटवा, म्हणाला. त्याला भेटवला डॉ. बॉब स्मिथ, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. डॉ. बॉबनं 10 जून 1935 ला शेवटचा घोट घेतला, तोच ए.ए.चा स्थापना दिवस. लक्षात घ्या, बिल उपकार करायला गेला नव्हता. आपली दारू सुटलेली राहावी म्हणून त्याला दुसरा माणूस हवा होता. आजही आमचं असंच आहे. मी कोणाजवळ बसतो तेव्हा माझाही तो दिवस निघतो.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार रुजवला तो पुण्याच्या मुक्तांगणनं. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 ला ते केंद्र सुरू केलं. मागे पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा आधार होता. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं होतं, त्यातून हे काम उभं राहिलं. तिथे बरे झालेले कितीतरी जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले. नवा माणूस थरथरत्या हातानं दारात येतो आणि त्याला जो चहा देतो, तोही कधीतरी तसाच आलेला असतो. उपचाराची अर्धी भीती तिथेच जाते.

आता थोडं आपल्या जिल्ह्याचं. 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूर अधिवेशनावर बायका पायी मोर्चा घेऊन गेल्या होत्या, हे ताईंना आठवत असेल. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागली आणि 2021 मध्ये उठली. बंदी हवी होती की नको, यावर इथे दोन तट आहेत, ते मी आज छेडत नाही. पण घुग्घुसकरांना एक गोष्ट सांगायला नको. आपल्या बाजूनं बंदी होती तेव्हा वर्धा नदीच्या पुलापलीकडे यवतमाळ जिल्हा होता आणि तिथली दुकानं उघडी होती. ज्याला आजार जडला होता त्याला पूल काही लांब नव्हता. दुकान उघडं असो की बंद, आजारी माणसाजवळ माणूस लागतो. कायदा त्याचं काम करेल, रात्री नऊ वाजता फोन उचलणं कायद्याला जमत नाही.

आजार म्हणतो ते माझ्या मनचं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. 2019 मध्ये केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. देशात 5 कोटी 70 लाखांच्या वर लोकांना दारूमुळे मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे फक्त एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला, असं त्यात आहे. उरलेले 37 कुठे आहेत? ते आपल्यासारख्या कॉलन्यांत आहेत, घरचे त्यांच्यावर पांघरूण घालतात आणि शेजारी मान फिरवतात.

सोबतीचं काम दिसायला अगदी साधं असते. माणूस केंद्रात भरती होताना मी त्याच्याजवळ बसतो. "काहून आणलं मले इथं? मी का बेवडा आहो?" असं तो विचारतो. मी वाद घालत नाही. मी माझी गोष्ट सांगतो, त्याला त्याची वाटली तर वाटली. महिना-सव्वा महिन्यानं तो घरी जातो, आणि माझं खरं काम तिथून लागते. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, धुळवड, पोळ्याची कर, ह्या तारखा माझ्या वहीत आधीच लिहिलेल्या असतात. त्या दिवशी मी फोन करतो. आम्ही चार शब्द शिकवतो: भूक, राग, एकटेपणा, थकवा. घ्यावीशी वाटली की आधी पाहायचं, यातलं कोणतं आहे. भूक असेल तर जेवून घे, थकवा असेल तर झोप, एकटा असशील तर फोन कर. रात्रपाळीहून आलेल्या माणसात बहुतेक वेळा चारही सापडतात. आणि जन्मभराची शपथ आम्ही कोणालाच घालत नाही. आजचे चोवीस तास काढायचे, उद्याचं उद्या.

काय करत नाही, तेही सांगतो. पैसे उधार देत नाही. नवरा-बायकोचे निरोप इकडून तिकडे नेत नाही. औषध सुचवत नाही. आणि रोज खूप पिणाऱ्याला "उद्यापासून एकदम बंद कर" असं कधीच म्हणत नाही. हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा. अंगवळणी पडलेली दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस भ्रमात बडबडू लागतो, भलतंच दिसते. त्यात जीवही जातो. ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीतच निघाले पाहिजेत. दुसरं, 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातीतली पावडर भाजीत मिसळू नका. दारूची रिॲक्शन देणारं औषध त्यात असेल आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. त्याला सांगून, तपासून, डॉक्टरांनी दिलेलं औषध वेगळं.

दोन माणसांचं सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. पहिला केंद्रातून आला आणि पंधरा दिवसांत पोळा आला. करीच्या दिवशी मित्र म्हणाले, एकानं काय होते बाप्पा. त्यानं रात्री नऊला मला फोन केला. आम्ही चहाच्या टपरीवर अकरापर्यंत बसलो. टपरीवाला खुर्च्या उचलू लागला तेव्हा उठलो. फार काही बोललो नाही. तो दिवस गेला, आणि असे दिवस जोडत त्याला आता सहा वर्षं झाली.

दुसरा तीनदा भरती झाला. दोनदा परत आला तेव्हा चांगला उभा राहत होता. पण घराबाहेर पडला की लोक त्याच्या चालण्याकडे पाहत, सरळ चालतो की नाही. कोजागिरीला वर्गणी घेतली, बोलावलं नाही. मी हे कारण म्हणून सांगत नाही, आजाराचं एकच कारण नसते. तिसऱ्या वेळी तो घरी परतलाच नाही. यकृत गेलं होतं. वय एक्केचाळीस. त्याच्या बायकोजवळ बसून काय बोलायचं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मीही माझ्या सोबत्याला फोन केला. सोबत्यालाही सोबती लागतो.

तीच ताई पुढे मला म्हणाली, "भाऊ, त्यांच्यासाठी तुम्ही होते. माझ्यासाठी कोण होतं?" या प्रश्नावरही जुना विचार झालेला आहे. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांनी 1951 मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा पितो म्हणून बाई माहेरी जात नाही, शेजारी बसत नाही, हळदीकुंकू टाळते. तिला सल्ला नको असतो. तिच्यासारखीच दुसरी एक बाई हवी असते, जिच्यासमोर काही लपवावं लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमचा लहानसा गट सध्या एका सदस्याच्या पडवीत बसतो. पडवी रस्त्यावरून दिसते, म्हणून नवा माणूस येत नाही. बायकांसाठी तर जागाच नाही. म्हणून मी संस्थेकडे लेखी अर्ज दिला आहे: दर रविवारी संध्याकाळी सहा ते साडेसात हा हॉल मिळावा. मोठ्या हॉलमध्ये आमची मीटिंग, मागच्या खोलीत घरच्यांची, दोन्ही वेगवेगळ्या. येत्या आमसभेत त्यावर मत होणार आहे.

तीन हरकती माझ्या कानावर आल्या आहेत, तिन्ही रास्त आहेत. पहिली, दारुडे कॉलनीत येतील. मीटिंगला येणारा माणूस त्या दीड तासात न पिण्यासाठीच येतो. कोणी पिऊन आलाच तर त्याला आमच्यातला एक जण बाजूला घेऊन बसतो आणि घरी पोचवतो, ती जबाबदारी आमची. दुसरी, पोरं पाहतील. पोरांनी पिणारे पाहिलेले आहेत. सोडणारे पाहिलेले नाहीत. आठवीतलं पोरगं खर्रा घोटत उभं राहते, त्याला हे दिसलेलं बरं. तिसरी, संस्थेचं नाव खराब होईल. यावर मी एवढंच म्हणतो की रक्तदान शिबिर घेतल्यानं कॉलनी आजारी ठरली नाही.

काही सभासद चांगल्या मनानं म्हणाले, हॉल फुकट देऊन टाकू. नको. ए.ए.च्या परंपरेत बाहेरची देणगी घेत नाहीत, खर्च सदस्यच टोपी फिरवून भागवतात. लग्नाला लावता तेवढं नाही, पण रीतसर भाडं लावा आणि पावती द्या. भाडं भरून बसलेला माणूस ताठ बसतो.

आणि ठराव होवो न होवो, काही गोष्टींना मत लागत नाही. केंद्रातून आलेल्या माणसाला "सुटली का?" असं रस्त्यात विचारू नका. "चहाला या" म्हणा. गणपतीत त्याला काम द्या, खुर्च्या मोजायचं का असेना. लग्नात त्याच्या हातात सरबताचा ग्लास आधी द्या, म्हणजे दुसरा ग्लास द्यायला कोणी येणार नाही. तो पुन्हा प्यायला तर लगेच "म्हटलंच होतं" म्हणू नका. पडणं या आजारात होते. पुन्हा उठायला किती दिवस लागतात, ते आजूबाजूच्यांवर बरंच अवलंबून असते.

कोणाला माझ्याजवळ यायला संकोच वाटत असेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, 14446. मनाच्या इतर त्रासासाठी टेलि-मानस, 14416. दोन्ही ठिकाणी नाव सांगावंच लागते असं नाही. हे आकडे गेटजवळच्या फलकावर लिहावेत, अशी सचिवांना विनंती.

संस्था पंचवीस वर्षांपूर्वी निघाली तेव्हा भाग भांडवल थोडं होतं, प्लॉटवर झुडपं होती. एकट्याला घर बांधणं जमत नव्हतं म्हणून आपण सहकारात आलो. दारू सोडणंही एकट्याला जमत नाही. आमसभेला या, प्रश्न विचारा, हरकत असेल तर ती तोंडावर सांगा. आणि मग हात वर करा.